सासवण्याच्या अंगणातली म्हैस

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात सासवणे लागतं. तिथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे. आवारात एक म्हैस आहे. पहिल्यांदा आलेला माणूस तिला वळसा घालून जायला बघतो, मग जवळ जाऊन हात लावतो आणि आपल्याशीच हसतो. म्हैस सिमेंटची आहे.

हल्ली कलादालनांत ‘मांडणशिल्प’ हा शब्द फार ऐकू येतो. शिल्प चौथऱ्यावर एकटं ठेवायचं नाही, त्याच्याभोवतीची जागा, वावर, प्रकाश हे सगळं कलाकृतीत धरायचं, हा त्यामागचा विचार. करमरकरांच्या काळी हा शब्द रुळलेला नव्हता. तरी आज या घरात फिरताना मला तोच आठवतो. इथली शिल्पं म्हणजे कोळीण, हमाल, गुरंढोरं, घरची-गावची माणसं. संग्रहालयात नेऊन ठेवलेल्या पाहुण्यांसारखी ती वाटत नाहीत. ती इथे राहायला आहेत.

नानासाहेब म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर १८९१ मध्ये याच गावात जन्मले. घरात गणपती करण्याची परंपरा होती, त्यामुळे मातीत हात घालायला कुणी शिकवावं लागलं नाही. गावातल्या देवळाच्या भिंतीवर पोराने काढलेलं चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांच्या मदतीने तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. साहेबाची फेरी त्या दिवशी दुसऱ्या गावात असती तर, हा विचार सासवण्यात हटकून मनात येतो. पुढे कोलकाता, मग लंडन. पण नाव सर्वदूर झालं ते पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याने. कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. पुतळा उभा राहिला १९२८ मध्ये, शाहू महाराज गेल्यानंतर सहा वर्षांनी. घोड्याच्या बारीक पायांवर त्याचं अवजड धड आणि वर स्वार तोलून धरायचा, तोही ब्राँझमध्ये, हे काम चित्रात दिसतं तेवढं सोपं नसतं.

पुतळा भव्य आहे, वादच नाही. पण मला विचाराल तर मी म्हशीच्या बाजूने आहे. जनावराचं अंग कुठे सैल पडतं, कातडीखाली हाड कुठे उठून दिसतं, हे रोज गोठ्यात वावरलेल्या नजरेलाच कळतं. अलिबाग तालुक्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट झाली की बैलगाड्यांच्या शर्यती लागतात. तिथे जमलेली मंडळी बैल चालताना बघूनच त्याची जात सांगतात. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या.) करमरकरांची नजर त्याच मातीतली.

आणि सामान? तेही गावातच मिळणारं. ब्राँझ ओतायला भट्टी हवी, धातू हवा, पैसा हवा. सिमेंटचं तसं नाही. आधी माती घडवायची, तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यात लोखंडी सळया बसवून सिमेंट भरायचं, ते आवळलं की साचा फोडायचा. गवंडी घराचा खांब ओततो त्याच्याच जवळचं हे काम. म्हणजे इथे शिल्प आणि घर एकाच पोत्यातून निघतं.

खाडीपलीकडच्या मुंबईत कलावंतांच्या पुढच्या पिढ्यांनी घर या विषयालाच हात घातला. हेमा उपाध्याय यांनी धारावीतली पत्र्यांची दाटीवाटी पत्रे आणि भंगाराच्या तुकड्यांतून उभी केली. १९८७ मध्ये जन्मलेले अमोल पाटील चाळीतल्या खोल्या आणि कष्टकऱ्यांची शरीरं शिल्प, ध्वनी आणि व्हिडिओतून मांडतात. त्यांच्या आजोबांचा पोवाडा आणि वडिलांचं नाटक त्या कामात झिरपलेलं आहे. २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे भरलेल्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात त्यांनी जे मांडलं, त्याच्या नावातच रोलर स्केट्स आहेत. खेळण्याचं साधन आणि सफाई कामगाराचं शरीर तिथे शेजारी येतात. मुंबईतल्या बीडीडी चाळीच्या खोलीत माणसाला हातपाय पसरायला जागा किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चाकांवरची ती घसरण नुसती गंमत वाटणार नाही. करमरकरांचा हमाल ओझ्यासकट थांबलेला. पाटलांची माणसं हलत राहतात. व्हिडिओ आल्यामुळे कलावंताला ही सोय झाली, एवढाच फरक आहे असं मात्र मला वाटत नाही. सासवण्याच्या हमालाला निदान परत यायला अंगण आहे.

पण तेही अंगण किनाऱ्याजवळचं. खारी हवा सिमेंटच्या बारीक भेगांतून आत शिरते, सळईला गंज धरतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर सुटतो. कोकणातल्या स्लॅबची छतं जशी पोपडे टाकतात तसंच. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा घरांची कौलं-पत्रे उडाले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. माणूस पत्रा बदलतो, कौलं चाळतो. सिमेंटच्या म्हशीलाही मृगाआधी कुणीतरी अंगभर बघून कुठे तडा गेलाय का ते पाहावं लागतं.