सुटकेसमधला इतिहास

फ्रान्स-स्पेन सीमेवर व्हॅलेन्सियाचा एक तरुण पकडला गेला. त्याच्या दोन सुटकेसमध्ये ना सोनं होतं, ना पिस्तुलं. होत्या त्या ह्यू थॉमस या इंग्रज इतिहासकाराने स्पॅनिश यादवी युद्धावर लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रती. बेकायदा प्रचाराच्या आरोपाखाली त्याला दोन वर्षांची सजा झाली.

पुस्तक छापलं होतं पॅरिसच्या ‘रुएदो इबेरिको’ने. १९६१ साली काही परागंदा स्पॅनिशांनी काढलेली ही प्रकाशनसंस्था. नाव घेतलं वाये-इंक्लानच्या कादंबरीमालेवरून. कर्ताधर्ता होसे मार्तिनेस, अराजकवादी घरातला आणि यादवी युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या तुरुंगात राहून आलेला. गेलेल्या दिवसांचे कढ काढत बसणं त्याला मंजूर नव्हतं. त्याला वाचक हवा होता तो स्पेनमधलाच. पण त्या वाचकाला पुस्तक उघड विकायची सोय नव्हती. माल चोरून सीमेपार न्यायचा, तिथल्या दुकानांनी तो मागच्या खोलीतून ओळखीच्या गिऱ्हाइकाला द्यायचा. असल्या धंद्याचा ताळेबंद कसा जुळणार!

सुरुवातीच्या यादीत थॉमस आणि जेराल्ड ब्रेनन हे परदेशीच होते. स्पेनमध्ये राहून असं लिहिणं आणि छापणं अशक्यच होतं. १९६३ साली हर्बर्ट साउथवर्थ या अमेरिकन ग्रंथवेड्याचं पुस्तक आलं. फ्रँकोचं युद्ध हे ‘धर्मयुद्ध’ होतं, या सरकारी दाव्याची त्याने एकेक ग्रंथ तपासून चिरफाड केली. ते इतकं झोंबलं, की माहितीमंत्री मानुएल फ्रागाच्या खात्याने या युद्धाच्या अभ्यासासाठी खास विभाग उघडला आणि रिकार्दो दे ला सिएर्वाला त्यावर बसवलं. माझ्या मते संस्थेची खरी कमाई हीच. नुसत्या बंदीवर भागेना, हुकूमशाहीला युक्तिवाद करावा लागला.

१९६५पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. स्पॅनिश कम्युनिस्ट पक्षाने नुकताच काढून टाकलेला लेखक होर्हे सेम्प्रुन त्याच्या उभारणीत होता. १९७१मध्ये इयान गिब्सनने यादवी युद्धातल्या ग्रानादाच्या दडपशाहीचा आणि कवी लोर्काच्या हत्येचा छडा लावणारं पुस्तक दिलं. ऑक्टोबर १९७५मध्ये पॅरिसच्या लात्राँ रस्त्यावरच्या संस्थेच्या दुकानात बॉम्ब फुटला. पुढच्याच महिन्यात फ्रँको गेला.

आता सुगी यायला हवी होती. झालं उलटंच. बंदी उठली तशी ही पुस्तकं काढायला स्पेनमधले बडे प्रकाशक मोकळे झाले. मार्तिनेस मायदेशी परतला खरा, पण जुनं विसरून पुढे जाऊ पाहणाऱ्या नव्या राजकारणाशी या फटकळ माणसाचं जमलं नाही. १९८२ साली संस्था बंद पडली, १९८६मध्ये तो वारला. संस्थेची कागदपत्रं मात्र स्पेनमध्ये नाहीत. ती अ‍ॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत आहेत.