कार्बनचा बाण: सरळ दिसतो, पण शाबूत आहे का?

विषय जरा आडवाटेचा आहे, म्हणून आधी एक खुलासा करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. मी स्वतः शिकारी नाही. मी संमिश्र पदार्थ, म्हणजे कंपोझिट्स, शिकवतो. आज बोलणार आहे ते उत्तर अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या बाणाबद्दल. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. त्यातला एक गट मुद्दाम साधं धनुष्य वापरतो. एक तर सरळसोट लाँगबो, नाहीतर टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह. त्याला कप्प्या नाहीत, नेम धरायचं यंत्र नाही, दोरी बोटांनी ओढायची आणि बोटांनीच सोडायची.

या छंदाचा एक मोठा धागा इशी नावाच्या माणसापर्यंत जातो. याही जमातीचा हा माणूस १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात एकटाच, उपाशी सापडला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य आणि बाण करायला शिकले. १९१६ मध्ये इशी वारला. पोप यांचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं पुस्तक १९२३ मध्ये आलं. त्यांचे बाण अर्थातच लाकडाचे होते. आज त्याच धाटणीच्या धनुष्यावर बरेच जण कार्बनची पोकळ नळी लावतात. धनुष्य जुन्या वळणाचं आणि बाण नव्या पदार्थाचा. ही जोडी जमते का?

जमते, पण दोन अटींवर. १९८० च्या दशकात डॉ. एड अ‍ॅश्बी यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये बाण प्राण्याच्या शरीरात किती खोल जातो याचा अभ्यास केला. बाणाच्या गुणांची त्यांनी जी क्रमवारी लावली, तिच्यात पहिला गुण बाण न मोडता शाबूत राहणं, आणि दुसरा त्याचं उड्डाण निर्दोष असणं. धार, वजन वगैरे सगळं त्याच्यानंतर. आपणही त्याच क्रमानं जाऊ.

बाण मोडतो कसा

आपल्या घरातली दोन भांडी डोळ्यांसमोर आणा. पितळेचा तांब्या आणि लोणच्याची चिनीमातीची बरणी. तांब्या पडला तर पोचा येतो, पण पाणी भरायला चालतो. बरणीला पोचा येत नाही. ती एक तर जशीच्या तशी असते, नाहीतर फुटते. आणि कधीकधी बारीक तडा जातो, जो नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा बाण तांब्यासारखा. तो वाकतो, वाकलेला दिसतो, थोडा असेल तर सरळही करता येतो. लाकडाची दांडी दमट हवेत वाकडी होते, मग ती हातानं, थोडी ऊब देऊन सरळ करतात. कार्बन मात्र बरणीच्या जातीचा. तो कायमचा वाकत नाही. ओलावा आणि ऊन यांनी त्याचा सरळपणा बिघडत नाही, म्हणून तर तो लोकांना आवडतो. पण त्यामुळेच 'सरळ आहे म्हणजे चांगला आहे' हा लाकडाचा नियम इथे फसवतो.

का, ते समजून घेऊ. कार्बनचा एक तंतू साधारण पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी बारीक. असे असंख्य तंतू इपॉक्सी राळेत बसवून नळी तयार होते. तंतूच्या दिशेनं ताण दिला तर तो प्रचंड सोसतो. आडवा मार बसला तर भार राळेवर येतो, आणि राळ त्या मानानं दुबळी. सुरुवातीच्या बऱ्याच कार्बन बाणांत तंतू फक्त लांबीच्या दिशेनं होते, त्यामुळे ते बांबूसारखे उभे चिरत. आता तंतूंचे थर वेगवेगळ्या कोनांत गुंडाळतात, त्यामुळे चिरणं कमी झालं. पण आतल्या आत थर सुटणं अजूनही होतं. दगडाला घासून गेलेला बाण किंवा दुसऱ्या बाणानं ठोकलेला बाण बाहेरून नवाकोरा दिसू शकतो.

मिशिगनमध्ये राहत असताना माझ्या शेजाऱ्यानं मला हे दाखवलं होतं. त्यानं भात्यातून एक बाण काढला. मला तो निर्दोष वाटला. त्यानं दोन्ही टोकं धरून, तोंडापासून लांब, थोडासा वाकवला. काही नाही. किंचित फिरवून पुन्हा वाकवला. तिसऱ्या वेळी 'चट्' असा बारीक आवाज आला. त्यानं तो बाण तिथेच मोडून टाकला आणि एवढंच म्हणाला, "हा माझ्या हातात शिरला असता."

यात अतिशयोक्ती नाही. पन्नास पौंडांच्या धनुष्यावरून सुटणारा बाण सुमारे दोन शतांश सेकंदात शून्यावरून सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेग घेतो. दोरी मागून ढकलते आणि टोकाचं वजन पुढून अडवतं, मध्ये दांडी दाबली जाते. तडा असेल तर ती याच क्षणी फुटते, आणि तिच्या सुयांसारख्या कपच्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणून बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो, तसाच कान प्रत्येक वेळी बाण सोडण्याआधी द्यायचा. वाकवून बघा, थोडा पिळून बघा, कापसाचा बोळा दांडीवरून फिरवा. तंतू उचकटलेले असतील तर कापूस अडकतो. शंका आली की बाण मोडून टाका, म्हणजे तो चुकून भात्यात परत जाणार नाही.

सर्वांत नाजूक जागा पुढची. तिथे टोक बसवायचा धातूचा तुकडा, इन्सर्ट, आत चिकटवलेला असतो. हाडावर किंवा दगडावर आपटलं की इन्सर्ट मागे सरकतो आणि नळीचं तोंड फाकतं. लाकडी बाणाच्या जमान्यात पुढच्या टोकाला कठीण लाकडाचा तुकडा सांधत. आता तीच युक्ती उलटी केली जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या बाणाचा छोटा तुकडा कापून कार्बनच्या तोंडावर मोजड्यासारखा चढवतात. आणि गरम करून लावायचा गोंद वापरत असाल तर टोक तापवायचं, दांडी नाही. जास्त उष्णतेनं राळच बिघडते.

वाकल्याशिवाय सरळ जात नाही

आता उड्डाण. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो, पण दोरी मधोमध येते. म्हणजे दोरी ताणलेली असताना बाणाचं टोक लक्ष्याकडे असलं, तरी दोरी पुढे येता येता बाण एका बाजूला कलायला हवा. तरी तो लक्ष्यावर कसा जातो? याला धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्यानं याचं चित्रण केलं. दोरी सुटताच बाण आडवा वाकतो, उलट बाजूला वाकतो, आणि असा सळसळत मुठीला वळसा घालून निघतो. मग हळूहळू थरथर शमते.

आपली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेते झाले, ते कंपाउंड धनुष्यावर. तिथे दोरी खटक्यानं सुटते, ती बोटांवरून आडवी घसरत नाही, त्यामुळे बाणाला हा आडवा वळसा फारसा घालावा लागत नाही. साध्या धनुष्याला मात्र तो चुकत नाही. म्हणून इथे ताठ बाण म्हणजे चांगला बाण नव्हे. बाण त्या धनुष्याला हवा तेवढाच लवचीक पाहिजे.

हा ताठपणा मोजायची रीत सोपी आहे. अठ्ठावीस इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवायची, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम, वजन टांगायचं आणि बाक मोजायचा. अर्धा इंच बाक आला तर स्पाइन ५००. आकडा मोठा तेवढी दांडी मऊ. पन्नास पौंडांच्या लाँगबोला पुष्कळ जण ५०० किंवा ६०० पासून सुरुवात करतात. पण ही नुसती सुरुवात. दांडी लांब ठेवली की ती मऊ वागते, टोक जड केलं की आणखी मऊ.

जड टोकाचा दुसरा फायदा आहे. कार्बनची दांडी हलकी, आणि शिकारीच्या बाणाला वजन हवं. वजन इथे ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. पाचशे ग्रेनचा बाण साधारण बत्तीस ग्रॅम भरतो. कमी पडणारं वजन पितळी इन्सर्ट आणि जड टोक लावून पुढेच वाढवलं की बाण लवकर स्थिरावतो, कारण मागची पिसं त्याला लांब तरफेनं सरळ करतात. आणि पिसं खरीच हवीत, प्लास्टिकची नकोत. पीस मुठीला घासताना दबतं. प्लास्टिक घासलं की बाणाला धक्का देतं.

जुळणी

जुळणी पिसं न लावलेल्या बाणानं करतात. एक पिसांचा, एक बिनपिसांचा, दोन्ही एकाच नेमानं सोडायचे. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर तो जास्त ताठ, उजवीकडे लागला तर जास्त मऊ. ताठ असेल तर टोक जड करा. मऊ असेल तर टोक हलकं करा किंवा दांडी थोडी कापा. एका वेळी पाव इंचच कापा, कारण बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि कापलेला कार्बन परत जोडता येत नाही. कापताना मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका.

सभागृहातून एक प्रश्न आलाय: "बाण थोडा आडवा गेला तर बिघडतं काय? लागतो ना?" लागतो. पण तिरका लागलेला बाण आपली ताकद वाकण्यात आणि घासण्यात घालवतो, आत कमी जातो. कागदावर त्याचा एखादा गुण जातो. इथे समोर हरीण आहे. बाण खोल गेला नाही तर ते जखम घेऊन पळतं आणि कुठेतरी तासन् तास तडफडतं. बाण आत मोडला तर मांसातही कपच्या राहतात, म्हणून जखमेभोवतीचं मांस काढून टाकायला सांगतात.

शिकार करावी की नाही यावर आपले मतभेद असतील. पण ज्यानं ती करायची ठरवली, त्यानं बाण वाकवून कान द्यायला लागणारे पाच सेकंद वाचवू नयेत. ते हरणाचं देणं आहे, आणि स्वतःच्या हाताचंही.