उंदीरमामांना सुट्टी!

कॉम्प्युटर शिकायचा म्हटलं की आपल्याकडे पहिल्या दिवशी हातात माऊस देतात. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्यांचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. आपल्यापैकी अनेकींनी तो केला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलं. (पुढे ते कपाटातच राहिलं, तो विषय वेगळा!) पण मला एक गोष्ट कायम खटकते. ज्या बायकांनी टायपिंगच्या ३० आणि ४० च्या परीक्षा दिल्या, ज्यांची बोटं न बघता कळा शोधतात, त्यांनाही साधी फाइल उघडायला आपण तो उंदीर पकडायला लावतो. खरं तर त्याच्याशिवाय सगळं होतं, आणि बऱ्याचदा जास्त भराभर होतं.

माझ्या वन्सं दौंडला असतात. यजमान रेल्वेत होते. दौंड म्हणजे जंक्शनचं गाव, घरटी कुणीतरी रेल्वेत असायचंच. ते गेल्यावर वन्संना फॅमिली पेन्शन सुरू झाली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, मग पेन्शनचा आदेश, आधार, पासबुक सगळं हाताशी लागतं. नातवाने सगळे कागद स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवले आणि नोकरीला पुण्याला गेला. ठेवले कुठे? तर ‘न्यू फोल्डर २’ मध्ये! त्यात वन्संचा हात थोडा थरथरतो. डबल क्लिक करायला जावं तर हात हलतो, फाइल ओढली जाते आणि शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. मग “माझा कागद पुसला गेला” म्हणून घाबरगुंडी. शेजारचा मुलगा शाळेतून येईपर्यंत त्या बसून राहायच्या. आपलेच कागद बघायला दुसऱ्याची वाट बघायची, हे त्यांना फार लागायचं.

दिवाळीत गेले तेव्हा मी आधी माऊस ड्रॉवरमध्ये टाकला. म्हटलं, वन्सं, आता बोटांनीच. विंडोजची कळ, म्हणजे ती चार चौकोनांची खिडकी, दाबून धरायची आणि ई दाबायचं. फाइलींचं कपाट उघडतं. आपण नेमक्या कुठे आहोत ते कळेना तर टॅब दाबत राहायचं. यादीतल्या एखाद्या नावावर चौकट येते. मग वरखाली जायला बाणांच्या कळा, आत शिरायला एंटर, एक पायरी मागे यायला आल्ट धरून वरचा बाण. यादी लांबलचक असेल तर नावाचं पहिलं अक्षर दाबायचं. पी दाबलं की पी पासून सुरू होणाऱ्या पहिल्या नावावर उडी. थरथरणारा हात कळेवर टेकवता येतो, हवेत धरावा लागत नाही, एवढाच काय तो फरक. पण दुपारपर्यंत वन्संनी स्वतःचा पीपीओ तीनदा उघडून बंद केला! बंद करायला आल्ट आणि एफ-४.

ही काही म्हाताऱ्या माणसांची सोय म्हणून निघालेली युक्ती नाही बरं का. ज्यांना दिसत नाही त्या मैत्रिणी सगळा कॉम्प्युटर असाच चालवतात. बाण जिथे नेला ते नाव कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवतो. त्यासाठी एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं.

शिरूरहून दौंडला जाताना न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलं की केडगाव जवळच राहतं. तिथून जाताना मला दर वेळी पंडिता रमाबाईंचा छापखाना आठवतो. मुक्ती सदनातल्या बायका तिथे स्वतः खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या बायकांच्याच हातांनी छापलं गेलं आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. खिळे जुळवणारीचं सगळं काम कप्प्यांवर चालतं. कोणतं अक्षर कोणत्या कप्प्यात, हे हाताला ठाऊक असावं लागतं, आणि काम झालं की खिळा ज्याच्या त्याच्या कप्प्यात परत. एक चुकीच्या जागी पडला की पुढच्या पानात घोळ! आपण मसाल्याच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत मोहरी टाकत नाही. मग कॉम्प्युटरवर आधार कार्ड, लग्नाचे फोटो आणि लाइटबिल एकाच ‘न्यू फोल्डर’मध्ये का कोंबतो?

नवीन फोल्डरला कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबायचं आणि लगेच नाव द्यायचं. जुन्याचं नाव बदलायला एफ-२. काही लॅपटॉपवर एफ-२ ने आवाज नाहीतर उजेड कमीजास्त होतो, तिथे एफएनची कळ धरून दाबा. नाव देताना एक गंमत होते. ‘७/१२’ असं नाव विंडोज घेतच नाही, कारण तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. सरळ ‘सातबारा’ लिहा. तारखेचंही तेच. आडव्या रेघा वापरा आणि वर्ष आधी लिहा, म्हणजे ‘२०२५-११ हयात दाखला’. वर्ष पुढे असलं की दरवर्षीचे दाखले आपोआप ओळीने लागतात.

माझी एक मैत्रीण शिरूरला सेवा केंद्रात काम करते. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हाची गर्दी आठवते ना? आधी १५ जुलै शेवटची तारीख होती, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण पहिले काही दिवस बायका अक्षरशः शेतातलं काम टाकून रांगेत. प्रत्येकीचे आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र, आणि सगळ्या फोटोंची नावं नुसते आकडे! एकीचं पासबुक दुसरीच्या अर्जाला लागलं तर महिन्याचे १५०० रुपये अडकणार. ही बाई गावाचा फोल्डर, त्यात बाईच्या नावाचा फोल्डर करायची. एफ-२ दाबून नाव लिहायचं आणि एंटरऐवजी टॅब दाबायचा, की पुढच्या फाइलचं नाव आपोआप बदलायला तयार. चार कागदांची नावं माऊसला हात न लावता झाली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तोवर एकाच फाइलवर राइट क्लिक करत बसलेला!

कागद पेनड्राइव्हवर न्यायचे तर शिफ्ट धरून बाणाने हवे तेवढे निवडा, कंट्रोल सी करा, तिकडे जाऊन कंट्रोल व्ही. कंट्रोल एक्सच्या, म्हणजे कापून नेण्याच्या नादी लागू नका. तिकडे उघडून पाहिल्याशिवाय इकडचं काढायचं नाही. चुकून काही पुसलं तर घाबरायचं नाही, लगेच कंट्रोल झेड. पण पेनड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, तिथे जपून.

आणि हे मात्र घराबाहेर नक्की करा. केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात मोबाइलवरून कागद पाठवून प्रिंट काढतो, पैसे देतो आणि निघतो. आपलं आधार तिथल्या डाउनलोड्समध्ये तसंच पडून राहतं, आणि दिवसभर कितीतरी लोक त्या कॉम्प्युटरवर बसतात. निघण्याआधी दुकानदाराला सांगून तो फोल्डर उघडायला लावा, आपल्या फाइलवर या आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. नुसतं डिलीट नको, त्याने फाइल रिसायकल बिनमध्ये शिल्लक राहते. “खरंच पुसू का?” असं तो विचारेल, एंटर दाबा. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. वन्संनी परवा दौंडच्या बाजारात हे केलं, आणि मागे उभ्या असलेल्या दोघींनीही आपापल्या फाइली पुसायला लावल्या.