खारवलेले बदक : मीठ, वारा आणि मात्रा

यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात भातखाचरे, कालवे, तळी आणि पाणथळ कुरणे एकमेकांत इतकी मिसळून गेलेली आहेत की जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे परक्या माणसाला सहजी सांगता येऊ नये. आणि अशा या प्रदेशात बदक हा पक्षी शतकानुशतके शेतीच्या कामकऱ्यांतच मोडत आला आहे. रोपे वाढत असताना खाचरांतील किडी, गोगलगाई आणि तण खाऊन शेत राखावे आणि कापणी उरकल्यावर धसकटांत सांडलेले दाणे टिपून अंगावर चरबी धरावी, असा त्याचा वर्षाचा क्रम आहे. त्यामुळे शरद सरता सरता बदक सर्वांत पुष्ट असते, आणि नेमक्या त्याच सुमारास उत्तरेकडून कोरडे, थंड वारे वाहू लागतात. पुष्ट पक्षी, थंड वारा आणि समुद्रकाठच्या आगरांतून आलेले मीठ या तिन्ही गोष्टी एकाच ऋतूत एकाच प्रदेशात जुळून आल्या, आणि त्यांतून खारवलेल्या बदकाची जी परंपरा उभी राहिली तिचे प्रमुख पीठ म्हणजे नानजिंग नगर.

नानजिंग ही 1368 पासून 1421 पर्यंत मिंग घराण्याची राजधानी होती. पुढे राजधानी उत्तरेस पेकिंगला गेली, तरी नानजिंगचा खाद्यलौकिक ओसरला नाही. अठराव्या शतकात तेथे वास्तव्य केलेल्या युआन मेई या रसिक कवीने 1792 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाकग्रंथात बदकाच्या अनेक पाककृती नोंदवून ठेवल्या आहेत. मिठाच्या बाबतीत तर हे नगर विशेष भाग्यवान म्हणावे लागेल. चीनमध्ये मिठावर सरकारी मक्ता बसला तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, हान सम्राट वू याच्या अंमलात. आणि तो असावा की नसावा यावर इसवी सनापूर्वी 81 मध्ये दरबारात झालेला वाद चिनी इतिहासात प्रसिद्ध आहे. उत्तरकालात ह्वाई प्रदेशातील मिठाचा कारभार ज्या यांगजौ शहरातून चाले, ते नानजिंगपासून फार दूर नाही. राज्याच्या महसुलाचा मोठा भाग ज्या जिनसेवर उभा होता, तीच जिन्नस येथील खाटकांच्या हाती पडत होती.

नानजिंगचे खारवलेले बदक दोन प्रकारचे. पहिला प्रकार अल्पायुषी: थोडे खारवून, मंद आचेवर शिजवून, थंड करून, हाडासकट आडवे तुकडे पाडून खाण्याचा. चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यात ओस्मँथसची सुवासिक फुले फुलतात, आणि त्या दिवसांतले हे बदक सर्वोत्तम मानले जात असल्यामुळे त्याला त्या फुलाचेच नाव चिकटले आहे. दुसरा प्रकार दीर्घायुषी, ज्याला तेथे ‘बानया’ म्हणतात: छातीचे हाड दाबून फळीसारखे सपाट केलेले, कडक खारवलेले आणि वाऱ्यावर वाळवलेले बदक. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत जे तयार होते ते अधिक टिकाऊ, आणि त्यानंतर एप्रिलच्या आरंभापर्यंत जे तयार होते ते त्या मानाने कमी टिकाऊ, असा भेद तेथील कारागीर पूर्वापार पाळत आले आहेत.

या कृतीतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. बदकाचे पोट न फाडता उजव्या पंखाखाली लहानसा छेद घेऊन आतडी-काळीज बाहेर काढतात. सिच्वानी मिरे घालून मीठ कढईत कोरडे भाजून घेतात, आणि ते गरम असतानाच बदकाला आतून-बाहेरून चोळतात. मग बदके रांजणात रचून ठेवली की काही तासांत मांसातले रक्तमिश्रित पाणी सुटते. ते ओतून टाकून बदके पुन्हा जुन्या खाऱ्या पाण्यात बुडवतात. हे जुने पाणी म्हणजे त्या दुकानाची खरी मिरासच होय. दर खेपेस ते उकळून, वरचा मळ काढून, मीठ-मसाल्याची भर घालून पुनःपुन्हा वापरतात, आणि पूर्वीच्या खेपांच्या मांसातून उतरलेली चव नव्या खेपेस मिळत राहते. त्यानंतर पहिल्या प्रकारचे बदक शिजवण्यास जाते, तर दुसऱ्या प्रकारचे दाबून हवेशीर छपराखाली टांगले जाते. शिजवतानाही घाई चालत नाही. पाणी उकळी फुटण्याच्या अलीकडे ठेवायचे, बदकाच्या शरीरात एक पोकळ नळी खोचायची, ते उचलून आतले निवलेले पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा बुडवायचे. असे केल्याने उष्णता आतून आणि बाहेरून सारखी पोहोचते, मांस चिवट होत नाही, आणि कातडीखालची चरबी वितळून निघून न जाता जागच्या जागी राहते.

हे सारे हिवाळ्यातच का, याचे उत्तर मांसाच्या प्रकृतीत आहे. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, आणि जे पाणी उरते तेही जंतूंना वापरता येऊ नये असे बांधून टाकते. परंतु मीठ हाडाजवळच्या जाड भागापर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात, आणि त्या अवधीत हवा उबदार असेल तर मीठ पोहोचण्यापूर्वीच कुजण्यास प्रारंभ होतो. शिवाय बदकाची कातडी आणि तिच्याखालचा चरबीचा थर पाण्याला बाहेरच्या बाजूने वाट देत नाही. म्हणूनच बदक दाबून सपाट करावे लागते. नानजिंगमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान दोन-तीन अंशांच्या आसपास असते. आपल्या मुंबईत त्याच महिन्यात ते 20 अंशांच्या वरच राहते. कोकणात वाळवणाची विद्या अस्सल आहे, पण ती उन्हाची विद्या आहे. बोंबील अंगाने बारीक आणि बहुतांशी पाणीच असल्यामुळे बांबूच्या आडव्या दांड्यांवर दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात खडखडीत वाळतो, आणि आगोटीची बेगमी पावसाच्या आत घरात येऊन पडते. दोन किलो वजनाचा, चरबीने भरलेला पक्षी त्याच उन्हात ठेवला तर वाळण्याऐवजी त्याची चरबीच खवट होईल. आपल्याकडे खारवलेले बदक का झाले नाही, याचे मुख्य कारण मला हेच दिसते.

वाळवलेले मांस मात्र आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्गात अनेक वर्षे पुरेल असा जो साठा करावयास सांगितला आहे, त्यात तेल-तूप, धान्य, मीठ, औषधे आणि वाळलेल्या भाज्या यांच्या बरोबरीने वल्लूर, म्हणजे सुके मांस, याचाही समावेश आहे. वेढा पडला असता उपयोगी पडणारी रसद म्हणून त्याची तजवीज होती.

नानजिंगहून दक्षिणेस क्वांगतुंग प्रांतात उतरले की पाककलेचा सूर बदलतो. येथे शरदातला पहिला कोरडा वारा सुटला की खारवलेल्या मांसाचे दिवस आले असे लोक मानतात, आणि दुकानांच्या दारांत बदके, डुकराच्या मांसाची ‘लाप चोंग’ सॉसेजेस आणि बदकाच्या काळजाची गडद तपकिरी सॉसेजेस दोऱ्यांना लोंबू लागतात. पलीकडच्या च्यांगशी प्रांतातील तायू येथले सपाट बदकही प्रसिद्ध आहे. बदकाच्या पायाभोवती काळीज आणि डुकराची चरबी ठेवून, वरून आतड्याने गुंडाळून वाळवलेला एक जिन्नसही क्वांगतुंगात करतात. पक्ष्याचा कोणताही अवयव वाया जाऊ न देण्याची ही वृत्ती मला अत्यंत आदरणीय वाटते. मातीच्या लहान भांड्यात तांदूळ अर्धवट शिजत आला की त्यावर खारवलेल्या बदकाच्या फोडी मांडून झाकण घालतात. वाफेने मांस मऊ होते, चरबी वितळून भातात झिरपते, तळाला सोनेरी खरपुडी धरते, आणि शेवटी वरून सोया सॉसची एक धार सोडतात. अळकुडीबरोबर शिजवलेली तंगडी, पांढऱ्या भाताची पेज आणि तिच्यात चुरलेले बदक, कमळकंदाचे सार, वाळवलेल्या चिनी कोबीच्या पानांबरोबर तासन्‌तास उकळलेले बदकाच्या वाळलेल्या जठराचे सार: ही सारी घरगुती पक्वान्ने होत. तैवानच्या यीलान भागात हेच सपाट बदक उसाच्या धुरावर धुरवतात आणि पातळ कापून लसणाची पात, सिरका व तिळाचे तेल यांत कालवून खातात.

या सर्व पदार्थांत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. बदक थोडे असते. भात, पेज, कंद, भाजी पुष्कळ असते. खारवलेले बदक हे मांस असूनही स्वयंपाकघरात ते मसाल्याचे काम करते. त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. तोक्योतील रसायनज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्रशैवालाच्या सारातून ग्लुटामेट वेगळे काढले. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी 1913 मध्ये वाळवलेल्या बोनिटो माशातील इनोसिनेट हे चवीचे दुसरे द्रव्य दाखवून दिले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की एकमेकांची चव कित्येक पटींनी वाढवतात. खारवताना आणि वाळवताना मांसातील प्रथिने हळूहळू तुटून मुक्त अमिनो आम्ले सुटतात. इनोसिनेट मांसात असतेच. सोया सॉस ग्लुटामेटची भर घालतो. म्हणून दोन-चार फोडींनी भांडेभर भात चवदार होतो.

आता पोषणाकडे वळू. कातडीविना ताज्या बदकाच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 18 ग्रॅम प्रथिने, सुमारे 6 ग्रॅम चरबी आणि 135 च्या आसपास कॅलरी असतात. कातडीसकट धरले तर चरबी 39 ग्रॅमपर्यंत चढते, प्रथिने साडेअकरावर उतरतात आणि कॅलरी 400 च्या घरात जातात. एवढा फरक आपल्या कोंबडीत पडत नाही, कारण पाण्यात वावरणाऱ्या पक्ष्याला निसर्गाने चरबीचा जाड अंगरखा दिलेला आहे. दूर पल्ल्याचे उड्डाण करणाऱ्या पूर्वजांकडून आलेली छाती मायोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनामुळे लालभडक असते, आणि म्हणून बदकात लोहाचे प्रमाण कोंबडीच्या दुपटीहून अधिक, 100 ग्रॅममागे सुमारे 2.4 मिलिग्रॅम आढळते. तेही शरीराला सुलभतेने शोषता येणाऱ्या रूपात. चरबीपैकी जवळजवळ निम्मा भाग ऑलिव्हच्या तेलात प्रामुख्याने आढळणाऱ्या एकअसंपृक्त प्रकारचा आणि सुमारे एक तृतीयांश संपृक्त असतो. वाळल्याने पाणी जाते आणि बाकी सारे एकवटते: वजन दोन तृतीयांशांवर आले तर 18 ग्रॅम प्रथिनांचे शेकडा प्रमाण 27 होते. पण चरबीही त्याच हिशेबाने वाढते, आणि मिठाची तर नवीच भर पडते.

मिठाचा हिशेब टाळून चालणार नाही. तयार मांसात शेकडा पाच एवढेच मीठ धरले तरी 100 ग्रॅम खाणाऱ्याच्या पोटात 5 ग्रॅम मीठ जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढासाठी दिवसभराची घातलेली मर्यादा तेवढीच आहे. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या आणि वातरक्ताच्या रोग्यांनी तर याबाबत वैद्याचा सल्ला घ्यावाच. 2015 च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने खारवणे, धुरवणे, आंबवणे इत्यादी प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगास कारणीभूत ठरते असा निर्णय दिला. रोज 50 ग्रॅम असे मांस नियमाने खाणाऱ्यांत हा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्या संस्थेचा अंदाज आहे. येथे ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा आहे.

आणि हाच शब्द मला चरकसंहितेकडे घेऊन जातो. सूत्रस्थानाच्या पाचव्या, मात्राशितीय नावाच्या अध्यायात आचार्यांनी नित्य सेवन करू नयेत अशा जड पदार्थांची जी गणना केली आहे, तीत सुके मांस, सुक्या भाज्या, आणि शालूक व बिस, म्हणजे कमळवर्गीय वनस्पतींचे कंद आणि देठ, हे एकाच ओळीत येतात. क्वांगतुंगच्या गृहिणीच्या सारांत घातले जाणारे जिन्नस हेच! आचार्यांनी हे पदार्थ निषिद्ध ठरवले नाहीत. त्यांचा अभ्यास, म्हणजे सवय, करू नये एवढेच म्हटले आहे. चिनी गृहिणीनेही हे मांस ऋतूपुरते आणि फोडींपुरते ठेवले, आणि मांड्याच्या मांड्या ताटात वाढल्या नाहीत. हंसवर्गीय पक्ष्यांचे मांस चरकांनी गुरू, स्निग्ध आणि उष्ण, बलदायक व वातनाशक म्हटले आहे. उलट चिनी वैद्यक बदकाला शीत मानते. या मतभेदाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, परंतु गुरुत्वाविषयी आणि मात्रेविषयी दोन्ही परंपरांचे आचरण एक आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

फ्रान्सच्या नैऋत्येस, गास्कनीत, हिवाळा तितका कोरडा नसल्यामुळे निराळा मार्ग निघाला. तेथे बदकाच्या तंगड्या एक रात्र मिठात ठेवून, पुसून, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवतात आणि त्याच चरबीखाली मातीच्या भांड्यात बुडवून ठेवतात. चरबी गोठली की हवेला वाव राहत नाही. कास्तेलनोदारी आणि तुलूझ येथील घेवड्याच्या ‘कासूले’ या पदार्थात ती तंगडी पडते, आणि तेथेही पुन्हा दाणे अधिक, मांस कमी हाच शिरस्ता आहे. मात्र त्या प्रदेशातील पुष्कळशी बदके काळीज फुगवण्यासाठी घशात नळी घालून चारलेली असतात. भारताने 2014 मध्ये अशा काळजाच्या आयातीवर बंदी घातली, ती मला सर्वथा योग्य वाटते. जिभेच्या सुखासाठी मुक्या जीवाला एवढे क्लेश देण्याचे समर्थन कोणत्याही पाकशास्त्राला करता येणार नाही.

आपल्या देशात बदके प्रामुख्याने बंगाल, आसाम आणि केरळात पाळली जातात. केरळातील कुट्टनाडात कापणीनंतरच्या खाचरांत सोडलेले कळप पाहिले तर यांगत्सेच्या खोऱ्याचीच आठवण व्हावी. पण आपल्याकडे बदक मुख्यतः ताजेच शिजते. सिंगापूर, हाँगकाँग किंवा लंडन येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र वाळवलेले बदक हिवाळ्यात चिनी दुकानांत सहज मिळते, आणि त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ते थेट शिजवू नये. कोमट पाण्यात काही तास भिजवून, पाणी एकदोनदा बदलून, मग वीसेक मिनिटे वाफवावे; त्याने मीठ उतरते आणि कातडीही मऊ होते. चार माणसांच्या भाताला एक तंगडी पुरे. त्या भातात निराळे मीठ घालू नये, सोया सॉसही थेंबांनीच घालावा, आणि जोडीला भरपूर हिरवी पालेभाजी असावी. चरबीत असंपृक्त अंश अधिक असल्यामुळे हे मांस डुकराच्या मांसाहून लवकर खवटते, म्हणून ते कपाटात न टांगता कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवावे. आणि वाफवताना खाली उतरलेली पिवळसर चरबी फेकून न देता बरणीत भरून ठेवली, तर तिचा चमचाभर अंश मुळ्याच्या पाल्याला किंवा चुक्याला फोडणीसाठी उत्तम लागतो.