कीडनोंदींची वही रद्दीत जाण्यापूर्वी

कृषी महाविद्यालयात अभिलेख व्यवस्थापन सुरू करावयाचे म्हटले की बहुधा आधी स्कॅनर येतो. वास्तविक आरंभ कपाटे उघडून व्हावा. कोणत्या विभागात कोणत्या सालापासूनच्या वह्या आहेत, याची सूची प्रथम हवी.

महाराष्ट्रातील शासकीय पद्धतीत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम जतन करावयाचा, ‘ड’ वर्षभरानंतर नष्ट करावयाचा. धोका येथेच आहे. प्रकाश सापळ्यात रोज सापडलेल्या पतंगांची वही कार्यालयाच्या दृष्टीने किरकोळ दैनंदिन नोंद, म्हणजे ‘ड’! २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली. अशी कीड खरोखर नवी आहे की आधीपासून होती, हे जुने नमुने व वह्याच सांगू शकतात. म्हणून वर्गवारी ठरविताना कीटकशास्त्रज्ञ उपस्थित असावा. सापळ्याची जागा, दिव्याचा प्रकार आणि तो बदलल्याची तारीखही वहीसोबत जपावी. दिवा बदलला की सापडणाऱ्या पतंगांची संख्या बदलते.

कागदाचे शत्रू तर ओळखीचेच. कसर बांधणीतील खळ खाते, वाळवी भिंतीतून येते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि खोली कोरडी ठेवावी. डांबरगोळ्यांनी वाळवी थांबत नाही.