हेडलाइटचा उजेड कमी झालाय? नवा एलईडी बसवण्याआधी हे तपासा

लासलगाव : कांद्याच्या हंगामात लासलगावकडे येणाऱ्या रस्त्यांवर रात्रीही वर्दळ असते. सकाळच्या लिलावात लवकर नंबर लागावा म्हणून निफाड, चांदवड, येवला भागांतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप पहाटेच, काही तर आदल्या रात्रीच बाजार समितीच्या वाटेला लागतात. यातील अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. रिफ्लेक्टरची पट्टी असली तरी ती धुळीने माखलेली असते. मागून येणाऱ्या कारचालकाला अशी ट्रॉली दिसते ती फक्त स्वतःच्या हेडलाइटमध्ये.

त्यामुळे उजेड कमी वाटू लागला की बहुतेक जण थेट अॅक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि पांढराशुभ्र एलईडी बसवून घेतात. त्याआधी थोडा वेळ काढून गाडीचा मूळ उजेड कुठे कमी होतोय, हे पाहणे फायद्याचे ठरते. दोष अनेकदा बल्बमध्ये नसतोच. तो काचेत, वायरिंगमध्ये किंवा फोकसमध्ये असतो.

ताशी ८० आणि ७५ मीटर

आधी एक ढोबळ गणित. ताशी ६० किमी वेगाने जाणाऱ्या कारच्या चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी साधारण २३ मीटर लागतात. म्हणजे एकूण ४८ मीटर. वेग ताशी ८० असेल तर हाच आकडा ७५ मीटरच्या आसपास जातो.

आता डिपरचा झोत पाहा. छोट्या कारचा हेडलाइट जमिनीपासून साधारण ६५ सेंटीमीटर उंच असतो आणि डिपरला सुमारे एक टक्का खालचा उतार दिलेला असतो. असा झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. याचाच अर्थ, सगळे काही ठीक असतानाही डिपरवर ८०चा वेग जास्तच आहे. त्यात काच पिवळी पडलेली असेल, तर ६०च्या वेगातही खात्री उरत नाही.

आधी काच बघा

हेडलाइटची 'काच' आता काचेची नसते, पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. तिच्यावर कंपनीने संरक्षक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा थर अतिनील किरणांमुळे झिजतो आणि काच आधी धुरकट, मग पिवळी दिसू लागते. अशा काचेतून उजेड बाहेर येतो, पण विखुरलेला. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही, असा दुहेरी तोटा होतो.

कोरड्या फडक्याने धूळ पुसणे ही सगळ्यात कॉमन चूक. धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी भरपूर पाणी, मग साबणाचे पाणी आणि मऊ कापड, एवढे पुरे. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नये, पॉलिकार्बोनेटला ते सोसत नाही.

पिवळेपणा वरच्या बाजूने असेल तर तो निघतो. १००० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून २००० आणि ३००० पर्यंत ओल्या काचेवर घासायचे आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड मारायचे. पण इथे थांबलात तर मेहनत वाया गेली समजा, कारण जुना संरक्षक थर घासताना निघून गेलेला असतो. वरून अतिनील-रोधक कोटिंग दिले नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. व्हिडिओंमध्ये दाखवतात त्या टूथपेस्टचेही तेच. ती सौम्य पॉलिशसारखी काम करते, काच तात्पुरती चमकते, इतकेच. धुरकटपणा आतून असेल तर घासून उपयोग नाही.

पावसाळ्यात किंवा निफाडच्या थंडीत काचेच्या आत थोडे बाष्प दिसले तर घाबरू नका. लाइट काही वेळ चालू ठेवल्यावर ते जायला हवे. आत पाणीच साचत असेल तर मागचे रबरी टोपण नीट बसले आहे का, ते आधी पाहा. बल्ब बदलताना ते तिरके बसणे किंवा गॅरेजमध्येच विसरणे, हे नेहमीचे आहे.

बल्ब चांगला, तरी उजेड मंद?

वॅगन आर, ऑल्टो, आय-१० यांसारख्या गाड्यांच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये सहसा एच-४ प्रकारचा बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट असतात: अप्परसाठी ६० वॉट आणि डिपरसाठी ५५ वॉट. डिपर जास्त वापरला जातो, म्हणून तो आधी उडतो. एकाच बाजूचा डिपर गेला आणि अप्पर चालू असेल तर दोष बहुधा बल्बचा. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर फ्यूज, रिले किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच तपासायला सांगा.

उजेड हळूहळू मंद झाला असेल तर मल्टिमीटर काढायला लावा. इंजिन आणि लाइट दोन्ही चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजायचे, मग बल्बच्या होल्डरवर. दोन्हींत एक व्होल्टच्या आसपास फरक दिसला तर वायर, अर्थिंग किंवा गंजलेला होल्डर वीज खातो आहे. हॅलोजनच्या बाबतीत हे फार महागात पडते, कारण व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. अशा गाडीत कितीही महागडा बल्ब घातला तरी तो मंदच जळणार. अर्थिंगचा नट घासून पुन्हा आवळणे आणि होल्डर बदलणे, एवढ्यानेही अनेकदा काम होते.

१००/९० वॉटचा बल्ब टाकणे हा यावरचा जुना 'जुगाड'. ६० वॉटच्या बल्बला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात, १०० वॉटला ८ पेक्षा जास्त. कंपनीची वायरिंग तेवढ्यासाठी नसते. होल्डर वितळतो, आतला रिफ्लेक्टर भाजून काळवंडतो.

बदलताना

लाइट बंद करून बल्ब थंड होऊ द्या. कपलर काढा, रबरी टोपण काढा, स्प्रिंगची क्लिप सोडवा. नवा बल्ब धातूच्या बुडाला धरा, काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल लागले की तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्या. एच-४ च्या बुडाला तीन कान असतात आणि तो एकाच पद्धतीने बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो वाकडा बसतोय. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदललेले बरे. नवा आणि जुना एकत्र असले की एक डोळा मिटल्यासारखा रस्ता दिसतो.

निळसर लेप दिलेले 'व्हाइट' बल्ब छान दिसतात, पण तो लेप थोडा उजेड अडवतो.

एलईडी का नको?

एच-४ च्या रिफ्लेक्टरमधील प्रत्येक वळण काही मिलिमीटरच्या फिलामेंटची जागा धरून आखलेले असते. बाजारात मिळणाऱ्या एलईडी बल्बमध्ये त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. प्रकाशाची जागा आणि आकार किंचित बदलला तरी झोत फाटतो. बोनेटसमोरचा रस्ता झगमगतो, म्हणून चालकाला खूप उजेड पडल्यासारखे वाटते. दूरवर मात्र तो पोहोचतोच असे नाही, आणि उरलेला वर जाऊन समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत शिरतो. अरुंद रस्त्यावर डोळे दिपलेला दुचाकीस्वार कुठे वळेल, सांगता येत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार झोत खाली वळवलेला असताना ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. परवानगी नसलेला बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट आलेल्या गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची रचनाच एलईडी धरून केलेली असते. पण तिथे सहसा नुसता बल्ब बदलता येत नाही, आख्खी असेंब्ली बदलावी लागते आणि खर्च हजारांत जातो. अपघातात ती फुटली तर साध्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, हेही लक्षात असू द्या.

डिकीत गोणी असेल तर

फोकस घरीही तपासता येतो. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा आणि चालकाच्या जागी एकाला बसवा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या झोताची वरची कड या रेषेच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली हवी. भारतात डाव्या बाजूने वाहने चालतात, त्यामुळे ही कड डावीकडे थोडी वर चढलेली दिसते. तो दोष नाही. फरक असल्यास हेडलाइटमागचे स्क्रू फिरवून मेकॅनिक तो काही मिनिटांत काढतो.

बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, आणि तिला सहसा कोणी हात लावत नाही. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत कांद्याची गोणी असेल तर गाडीचे नाक वर होते. हा फरक फक्त एक अंशाचा असला, तरी खाली जाणारा झोत वर चढू लागतो आणि ८० मीटरवर तो सव्वा मीटर उंचीवर पोहोचतो. समोरून येणाऱ्या कारचालकाचे डोळे साधारण तिथेच असतात. अशा वेळी चकती २ किंवा ३ वर न्यायची. गोणी उतरली की पुन्हा ० वर आणायला विसरायचे नाही, नाहीतर पुढचा रस्ता आखूड दिसेल.