पेट्रोलचा दाब आणि विसरलेलं गेज

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात पेट्रोलच्या दाबाची चौकशी कोणी करत नसे. कॅमशाफ्टवर चालणारा एसी पंप 3-4 पीएसआय देई, होज उपसली तर थोडं पेट्रोल सांडे, डायफ्राम फाटला की बदलायचा. त्या पंपाबद्दल याहून जास्त लिहावं असं काही नाही.

बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या गाड्यांत आलं आणि पेट्रोल सुमारे 2 बार दाबाखाली धावू लागलं. आपल्याकडे हे सर्रास व्हायला 1999 उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात युरो नियम लवकर लागू करायला लावले आणि कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रींसमोर इंजेक्शनच्या एमपीएफआय गाड्या येऊन उभ्या राहिल्या. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये आता साधारण 3 बार होते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आलो आहे : गेज लावलंत तर इंजिन चालू असताना आकडा बघा, पण इंजिन बंद केल्यावर लगेच काढू नका. खरी माहिती त्यानंतर मिळते. काटा भराभर उतरला, तर उन्हात थांबलेल्या गाडीच्या रेलमध्ये वाफ धरते आणि गाडी बराच वेळ सेल्फ खाते. अशा गाड्यांचे प्लग, कॉइल, बॅटरी, सगळं बदलून झालेलं मी पाहिलं आहे. गळती कुठे आहे हेही गेजच सांगतं. रिटर्न लाइनच्या गाडीत पंपाने दाब भरला की रिटर्नची रबरी होज चिमटीने दाबा. काटा थांबला तर दोष रेग्युलेटरचा. पुरवठ्याची होज दाबल्यावर थांबला तर पंपाच्या झडपेचा. दोन्ही दाबूनही उतरत राहिला तर इंजेक्टर टपकताहेत. प्लास्टिकच्या नळीला मात्र चिमटा लावायचा नाही, ती तडकते.

स्कॅनर असताना गेज कशाला, असं म्हणणारे आता बहुसंख्य झाले आहेत. साध्या एमपीएफआय गाडीच्या रेलवर बहुधा दाबाचा सेन्सरच नसतो, मग स्कॅनर दाब दाखवणार कुठून? मिश्रण पातळ झालंय इतकं तो सांगेल. पंप थकल्यामुळे की इनटेकला हवा लागल्यामुळे, ते त्याला ठाऊक नसतं.

दुसरा वाद जुना आहे. ‘गाडी रात्रभर उभी होती, आता कसला दाब?’ असं म्हणून थेट होज उपसणारे गॅरेजोगॅरेजी आहेत. पण ज्या गाडीची यंत्रणा निरोगी, तीच दाब जास्त वेळ धरून ठेवते. म्हणून आधी फिलर कॅप उघडून टाकीतली वाफ जाऊ द्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पंपाचा रिले किंवा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वर दोन-तीनदा सेल्फ मारा. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि जोडावर फडकं गुंडाळूनच तो सैल करा, कारण थोडा दाब तरीही उरतो. हे काम खड्ड्यावर तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि आपल्याकडे खड्ड्यात हमखास हँडलॅम्प पेटलेला असतो.

डिझेलच्या कॉमन रेलचं थोडक्यात सांगतो. 1997 च्या अल्फा रोमिओ 156 मध्ये दाब 1350 बारपर्यंत होता, आज तो 2000 च्या पुढे गेला आहे. तिथे रेलवर सेन्सर असतो, म्हणून स्कॅनरच वापरा. जुन्या डिझेलवरची, चालू इंजिनात एकेक इंजेक्टरचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधायची सवय तिथे मात्र सोडायलाच हवी. सैल नटातून उडणाऱ्या धारेने डिझेल कातडीत शिरतं आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते.

आज नव्या मुलांना कोड वाचता येतात, गेजचा टी-जोड कुठे घालायचा ते कोणी शिकवत नाही. शंका आली की अख्खा पंप बदलतात. जुना पंप ठीक होता का, हे मालकाला कधीच कळत नाही. निदान काम संपल्यावरची तपासणी तरी त्यांच्या हाती बसवा : रिले किंवा फ्यूज परत लावायचा, बॅटरी जोडायची, सेल्फ न मारता किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करायची, पंपाला दाब भरू द्यायचा, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड कोरडा आहे का ते बघायचं आणि मगच इंजिन चालू करायचं.